घरघंटी: गव्हासाठी नको, भाकरीसाठी हवीच

फक्त गव्हाच्या पिठासाठी घरघंटी घ्यायचं मनात असेल तर घेऊ नका. कोपऱ्यावरच्या गिरणीत डबा ठेवत राहा, पोळी त्या दगडी पिठाचीच मऊ होते. पण घरात रोज भाकरी होत असेल, दिवाळीला भाजणी घरचीच लागत असेल, उपासाचं पीठ गव्हावर दळलेलं चालत नसेल, तर विजेवर चालणाऱ्या स्वयंपाकघरातल्या यंत्रांमध्ये मिक्सरनंतरचा मान मी घरघंटीलाच देईन.

दुकानात नेमकं उलटं ऐकायला मिळतं. तिथे घरघंटी गव्हावर विकतात. घरचं शुद्ध पीठ, कोंड्यासकट, भेसळ नाही, असं सगळं सांगतात. अहो, हे सगळं गिरणीतही मिळतंच की! गहू आपणच निवडून नेलेला असतो, दळताना आपण समोर उभे असतो. घरघंटीचं मोल ताजेपणात आहे, आणि ताजेपणाची गरज गव्हापेक्षा ज्वारी-बाजरीला कितीतरी जास्त. दुकानात हे कुणीच बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर बार्शीकडचं, सासर चिपळूणचं, आणि आम्ही राहतो पुण्यात, धायरीला. मी बँकेत नोकरी करते. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. माझ्या ताटात भाकरी नसेल तर मला जेवल्यासारखं वाटत नाही, सासूबाईंना तांदळाशिवाय करमत नाही, आणि मुलांना दोन्ही लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी माझा दादा गावाकडून मालदांडी ज्वारीची पोती पाठवतो. ही रब्बीची ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण सोलापूर जिल्ह्यात अजूनही लोक आवडीने पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. इतकं चांगलं धान्य घरात असताना भाकरी मात्र आठवड्यातून दोनच दिवस मनासारखी व्हायची. हे दुखणं शहरात राहणाऱ्या कुठल्याही भाकरीवाल्या बाईला विचारा, ती लगेच सांगेल.

ज्वारीचं पीठ दळून आणलं की पहिले चार-पाच दिवस भाकरी सरळ होते. कोमट पाण्यात मळलं तरी पीठ हाताला धरून राहतं, थापताना कडा चिरत नाहीत, तव्यावर पाणी फिरवून उलटली आणि मग विस्तवावर धरली की टम्म फुगते, पापुद्रा वेगळा सुटतो. आठवडा उलटला की त्याच पिठाला कडा फुटायला लागतात. मग उकळतं पाणी ओतून मळावं लागतं. पंधरा दिवस झाले की तेही पुरत नाही. आमच्याकडे म्हणतात, पिठाची विरी गेली. गव्हातलं ग्लुटेन ज्वारीत नसतं. भाकरी एकसंध राहते ती बारीक पिठाने गरम पाणी पिऊन धरलेल्या चिकटीवर, आणि पीठ जसं शिळं होतं तशी ती चिकटी उतरते. हाताचं कसब कितीही असो, विरी गेलेल्या पिठाची पातळ भाकरी थापता येत नाही.

बाजरीचं दुखणं वेगळं. बाजरीत स्निग्धांश शेकडा पाचच्या आसपास असतो, गव्हाच्या दुपटीहून जास्त. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल आत नीट राहतं. दाणा दळला की हवा लागते, दाण्यातलेच विकर (एन्झाइम) त्या तेलावर काम करायला लागतात आणि पीठ कडवट होतं. उन्हाळ्यात तर आठ-दहा दिवसांतच. बाजारातल्या पाकिटातलं बाजरीचं पीठ कधी दळलंय हे पाकिटावर वाचता येतं, पण जिभेवर ठेवलं की वाचायची गरज उरत नाही. भोगीला तीळ लावून केलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि शेजारी लेकुरवाळी भाजी असं ताट वाढताना त्या भाकरीला कडवट वास आला तर सण कसला?

उपाय सोपा वाटतो: थोडं थोडं दळून आणा. पण गिरणीत ते जमत नाही. आमच्या गिरणीवाल्या काकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, माणूस प्रामाणिक आहे, पण किलोभर ज्वारी घेऊन गेलं तर ते तरी काय करणार? दगडात आधीच्या दळणाचं पीठ अडकलेलं असतं. गव्हावर ज्वारी टाकली तर पहिलं अर्धा-पाऊण किलो गव्हाचंच मिसळलेलं यायचं. म्हणून “काका, ज्वारीवर टाका हं” असं सांगून डबा ठेवायचा आणि आणखी कुणाचं ज्वारीचं दळण येईपर्यंत थांबायचं. आमच्या सोसायटीच्या भागात ज्वारी दळणारी घरं मोजकीच. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, संध्याकाळी रांग असते, आणि मी बँकेतून घरी पोचते तोवर गिरणीचं शटर अर्धं खाली आलेलं असतं. मग एकदम पाच किलो दळायचं आणि शेवटचे दोन किलो कसेबसे संपवायचे, असं चालायचं.

आता यंत्राकडे येते. माझी घरघंटी एक अश्वशक्तीच्या मोटरची, उभ्या बांधणीची, प्लायवूडच्या कपाटात बसवलेली आहे. खाली चाकं आहेत. किंमत सतरा-अठरा हजारांच्या घरात पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत मिळणाऱ्या बहुतेक घरघंट्यांची आतली रचना सारखीच असते आणि मला रचनेबद्दलच बोलायचं आहे. आत दगड नाही. मोटरच्या दांड्यावर पोलादी पाती बसवलेली आहेत, ती मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतात. वरून दाणे थोडे थोडे खाली उतरतात, पात्यांवर आपटून फुटतात आणि भोवतीच्या गोल जाळीच्या भोकांतून जाण्याइतके बारीक होईपर्यंत आतच फिरत राहतात. म्हणजे पीठ किती बारीक हे जाळी ठरवते. माझ्या यंत्रात आकडा लहान तशी जाळी बारीक. सगळ्यांत बारीक भाकरीसाठी आणि घावनासाठी, त्यापुढची भाजणीसाठी, मधली रवाळ बेसनासाठी, जाड लापशीच्या दलियासाठी. जाळी बदलायला दार उघडायचं, जुनी ओढून काढायची, नवी सरकवायची. दार नीट लागलेलं नसेल तर मोटर सुरूच होत नाही. ही सोय मला फार आवडली, कारण घरात मुलं आहेत.

ज्वारीच्या बाबतीत हे यंत्र शंभर नंबरी आहे, असं मी बिनदिक्कत सांगते. रविवारी सकाळी आणि बुधवारी रात्री, जेवढं लागेल तेवढंच दळते. एक-सव्वा किलो ज्वारीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पीठ मऊसूत येतं, बोटांच्या चिमटीत धरलं तर कण लागत नाही. पीठ डब्यात पडतं तेव्हा चांगलंच गरम असतं. ते लगेच झाकायचं नाही, परातीत पसरून निवू द्यायचं, नाहीतर झाकणाला आतून दमट घाम धरतो आणि पिठाच्या गुठळ्या होतात. निवलेल्या या पिठाला उकळतं पाणी लागतच नाही. कोमट पाण्यात मळते, आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीलाही त्याची भाकरी थापता येते. तिच्या हातची भाकरी जाड असते, वेडीवाकडी असते, पण चिरत नाही. तेवढ्यासाठी मी हे यंत्र पुन्हा विकत घेईन.

गव्हाचं मात्र तसं नाही. गिरणीत दाणा दोन दगडांमध्ये रगडला जातो, आणि रगडण्यात पिठातल्या स्टार्चच्या कणांना जास्त इजा होते. असे कण पाणी जास्त पितात. म्हणून गिरणीच्या पिठाची कणीक सैल भिजते, पोळी मऊ होते आणि डब्यात दुपारपर्यंत मऊच राहते. घरघंटीत दाणा रगडला जात नाही, आपटून फुटतो. पीठ चाळणीतून जाण्याइतकं बारीक असतं तरी त्याचा पोत थोडा खरखरीत लागतो आणि कणीक पाणी कमी ओढते. बारीक जाळी लावायची, कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवायची, पाऊण तास झाकून ठेवायची आणि मग तेलाचा हात लावून चांगली तिंबायची. एवढं केलं की पोळी बरी होते. बरी, पण गिरणीसारखी नाही. पुरणपोळीसाठी तर मी गिरणीचंच पीठ घेते आणि तेही वस्त्रगाळ करून. दगडाची घरघंटीही मिळते, छोटे दगड असलेली. ती माझ्या मैत्रिणीकडे आहे. तिची पोळी माझ्यापेक्षा चांगली होते, पण दगडाला अधूनमधून टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून घ्यावी लागते, आणि टाकी लावल्यावरच्या पहिल्या पिठात कचकच लागते, ते टाकून द्यावं लागतं. शिवाय एक धान्य संपवून दुसरं घ्यायचं तर दगड साफ करायला वेळ जातो. रोज गव्हाच्या पोळ्या करणाऱ्यांनी हवं तर त्या वाटेला जावं.

सासूबाईंना हे यंत्र आधी पसंत नव्हतं. त्यांची परीक्षा घावनाची. तांदळाचं पीठ डब्यातून चिमटीत घेतलं, अंगठ्याने चोळून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, रवा लागतोय अजून. अशा पिठाला जाळी पडायची नाही.” तांदूळ कडक असतो, एका दळणात त्याचं पीठ कधीकधी किंचित कणीदार राहतं. मी तेच पीठ पुन्हा बारीक जाळीतून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बिडाच्या तव्यावर पहिलं घावन टाकलं, सगळीकडे बारीक भोकं पडली, कडा आपोआप सुटली. “आई, कसं झालंय?” विचारलं तर म्हणाल्या, “आता मोदकाचं पीठही हिच्यातच काढ.” त्या दिवसापासून घरघंटीवर माझ्यापेक्षा त्यांचाच हक्क जास्त आहे.

मोदकाच्या पिठाचं सांगते, कारण गणपतीच्या आधी हाच प्रश्न मला सगळ्या मैत्रिणी विचारतात. तांदूळ धुवून, निथळून, पंचावर पसरून सावलीत वाळवायचा. अगदी खडखडीत वाळला पाहिजे, दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. आम्ही आंबेमोहोर वापरतो, कधी थोडा इंद्रायणी मिसळतो, त्याने उकडीला चिकटपणा येतो. मग बारीक जाळीतून दोनदा काढायचा. धुतल्यामुळे उकड पांढरीशुभ्र येते, आणि पीठ ताजं असल्यामुळे पारी पातळ होते, कळ्या नीट चिमटता येतात. तांदूळ थोडा जरी ओलसर असेल तर जाळीवर लगदा बसतो, पीठ बाहेर यायचं थांबतं आणि मोटर हुंकारायला लागते. म्हणूनच अनारशाचे तांदूळ घरघंटीत कधीही घालू नये. ते तीन दिवस भिजवून, अर्धवट वाळवून, अंगात ओल असतानाच दळायचे असतात. त्यासाठी मिक्सर आणि बारीक चाळण हाच मार्ग.

कुळथाच्या पिठीने तर सासूबाईंचं मन पुरतं जिंकलं. कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून त्याची डाळ करायची आणि ती दळायची. हे सगळं त्या चिपळूणहून येताना तिथल्या गिरणीतून करून आणायच्या आणि ते पीठ पुरवून पुरवून वापरायच्या. आता भरडायला जाड जाळी आणि दळायला बारीक. पिठी ताजी असली की शिजताना जो वास येतो, तो घरभर फिरतो. वर लसणाची फोडणी, आमसूल, शेजारी गरम भात. पावसाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी हेच जेवण असतं. कोंबडीच्या वड्यांचं पीठही असंच, तांदूळ, उडीद, चण्याची डाळ, धणे आणि थोडे मेथीदाणे, मधल्या जाळीतून जाडसर काढलेलं. बारीक पिठाचे वडे फुगतात, पण त्यांना खुसखुशीतपणा येत नाही.

दिवाळीत हे यंत्र खरं कामाला येतं. चकलीची भाजणी गिरणीत दळायची तर आधी कुणाची तरी भाजणी दळून झालेली असावी लागते, नाहीतर त्यात गहू येतो आणि चकली मऊ पडते. घरघंटीत आधीच्या दळणाचं जे काही राहतं ते ब्रशने झाडून काढता येतं, आणि वर ओंजळभर तांदूळ दळून टाकले की आतला भाग स्वच्छ होतो. बेसनलाडवासाठी चण्याची डाळ मंद भाजून मधल्या जाळीतून रवाळ काढावी, लाडू टाळूला चिकटत नाही. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, चण्याची डाळ, उडीद, धणे, जिरे असं सगळं असतं आणि दाण्यांचे आकार वेगवेगळे असतात, पण जाळी ते सगळं एकाच मापाला आणते. मेतकूट तर घरचंच करावं. भाजलेल्या डाळी, तांदूळ आणि कोरडे मसाले बारीक जाळीतून काढायचे, हळद आणि हिंग मागाहून मिसळायचे. उपासाची भाजणी, राजगिरा, वरी यांसाठी एक वेगळी जाळी आणि वेगळा कापडी गाळणा ठेवला आहे. सासूबाईंचा उपास असतो, त्यांना मनात शंका नको.

तेलकट जिन्नस यात चालत नाहीत. शेंगदाणे, तीळ, जवस, सुकं खोबरं यांनी जाळी बुजते. गोडा मसाला त्यामुळे मिक्सरवर किंवा डंकावर. लाल मिरची तर नकोच, तिचा ठसका यंत्रातून पुढची कित्येक दळणं जात नाही. अख्खं हळकुंड टाकू नये, आधी खलबत्त्यात फोडून घ्यावं. आणि धान्य निवडूनच टाकावं. बारीक खडा जाळीला भोक पाडतो, मग त्या भोकातून अर्धवट फुटलेले दाणे पिठात उतरतात. धान्याच्या तोंडाशी लोहचुंबक असतं, ते खिळा-तार पकडतं, खडा पकडत नाही.

आवाज मोठा आहे. भरपूर मोठा. मिक्सरपेक्षा खर्जातला, पण सलग चालणारा. रात्री नऊनंतर आणि दुपारी दोन ते चार मी चालवत नाही, खालच्या मजल्यावर आजोबा झोपलेले असतात. जागाही लागते, आणि वजन चाळीस किलोच्या पुढे असल्यामुळे एकदा ठेवलं की शक्यतो हलवू नये. आम्ही ती कोरड्या बाल्कनीत, जाड रबरी चटईवर ठेवली आहे. प्लगला अर्थिंग असलंच पाहिजे, ते वायरमनकडून तपासून घ्या. पिठाच्या डब्याच्या तोंडावर कापडी गाळणा असतो, त्यातून हवा बाहेर जाते आणि पीठ आत राहतं. तो गाळणा दर काही दळणांनी झटकून, महिन्यातून एकदा धुवून उन्हात कडक वाळवावा. नाहीतर हवा कोंडते आणि दाराच्या फटीतून पीठ उडतं. पावसाळ्यात आत उरलेल्या पिठात पोरकिडे फार लवकर होतात. दळण झाल्यावर पाच मिनिटं ब्रश फिरवायची ज्यांना तयारी नाही, त्यांनी हे यंत्र घेऊ नये, एवढं मी स्पष्ट सांगते.

विक्रीनंतरच्या सेवेचा माझा अनुभव चांगला नाही. माहितीपत्रकात दाखवलेल्या जाळ्यांपैकी दलियाची जाळी खोक्यात नव्हतीच. विक्रेत्याकडे फोनवर फोन केले, दर वेळी “पुढच्या आठवड्यात येईल” हेच उत्तर. शेवटी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानातून, त्याच मापाची दुसऱ्या बनावटीची जाळी पैसे देऊन आणली. ती अगदी नीट बसली. म्हणून सांगते, जाळीचा व्यास आणि उंची लिहून ठेवा. जाळी हाच या यंत्राचा झिजणारा भाग आहे, आणि ती सहज मिळते की नाही यावर घरघंटी दहा वर्षं चालणार की दोन, हे ठरतं.

पैशांचंही मोकळेपणाने बोलायला हवं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. थोडी गळती धरली तर तासभर दळण झालं की एका युनिटच्या आत वीज लागते. आमच्या घरात महिन्याला सगळं मिळून २० किलोच्या आसपास दळण होतं, त्याला तीन युनिट पुरतात. गिरणीत किलोला आठ रुपये धरले तर १६० रुपये झाले असते. वीज वजा जाता महिन्याला १३० रुपये वाचले. १८,००० रुपयांचं यंत्र या हिशेबाने वसूल व्हायला अकरा वर्षांहून जास्त लागतील. “पैसे वाचतात” म्हणून कुणी घरघंटी विकत असेल तर त्याला हा हिशेब मांडून दाखवा.

मग इतके पैसे घालायचे कशाला, असं माझ्या जावेने विचारलं होतं. तिचा रोख माझ्या माळ्याकडे होता. तिथे दोरी ओढायचा चॉपर आहे, रोटीमेकर आहे, बटाट्याच्या चकत्या करायचं यंत्र आहे. प्रदर्शनात माणूस माइक लावून गाजराच्या फुलांचा ढीग पाडतो, बघणाऱ्या बाईला त्या क्षणी आपली सकाळची घाई दिसते, आणि ती पाकीट उघडते. मला त्यात काहीच चूक वाटत नाही. दिवसाचे तीन-चार तास ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाने हात हलके करणारी वस्तू शोधावी, हे अगदी योग्य आहे. फक्त वस्तू आपल्या जेवणासाठी बनलेली असावी. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी सुमीत मिक्सर बनवला तो याच कारणाने. परदेशी मिक्सरच्या मोटरी आपल्या वाटणापुढे जळून जायच्या, म्हणून त्यांनी कोरडी चटणी आणि भिजलेली डाळ दोन्ही सोसेल अशी मोटर बसवली, आणि ते यंत्र घराघरांत टिकलं. पुरणयंत्र टिकलं, सोऱ्या टिकला, चपटं बूड असलेला कुकर टिकला. रोटीमेकर माझ्याकडे टिकला नाही, कारण त्याच्यात भाकरी होत नाही आणि पोळीला पदर सुटत नाहीत. घरघंटी रोज लागते, ती आमच्याच धान्यासाठी बनली आहे, आणि ती नसती तर दादाच्या ज्वारीचं अर्धं सुख मला मिळालं नसतं. अकरा वर्षांचा हिशेब मला यामुळेच जड वाटत नाही.

दोन माणसांचं घर असेल, भाकरी महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल, तर मिक्सरच्या दळायच्या भांड्यात पाव किलो ज्वारी फिरवून चाळून घ्या, भागतं. घरात कुणाला गव्हाचं पथ्य असेल, सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार) असेल, तर मात्र घरघंटीला पर्याय नाही असंच मी म्हणेन. गिरणीच्या दगडातला गहू कितीही झाडला तरी जात नाही. अशा घरात यंत्र नवंच घ्यावं, कुणाचं वापरलेलं नको, आणि त्यात गहू कधीच घालू नये.

घ्यायला जाताना मॉडेलचं नाव, रंग, काचेचं दार, दिवे हे बघू नका. मोटर किती अश्वशक्तीची, दारावर सुरक्षेचं बटण आहे का, किती जाळ्या सोबत आहेत आणि सुटी जाळी कितीला मिळते, एवढं विचारा. पिशवीत किलोभर ज्वारी घेऊन जा. दुकानदाराला तुमच्यासमोर सगळ्यांत बारीक जाळीतून दळून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. ते पीठ घरी आणा, कोमट पाण्यात मळून भाकरी थापा, कडा चिरल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे भरा.